घरच्या कॉम्प्युटरचा ऑनलाइन बॅकअप: निवडताना, लावताना आणि परत मिळवताना

ऑनलाइन बॅकअप घ्यायचं मनात आलं की आपण आधी किमती बघतो, मग इतर ग्राहकांचे अनुभव वाचतो आणि तिथे गोंधळ सुरू होतो. एकाच सेवेबद्दल एक जण लिहितो, ‘पाच मिनिटांत लावलं, झकास चाललंय.’ दुसरा लिहितो, ‘गरज पडली तेव्हा फोटोच नव्हते.’ दोघंही खरं बोलत असतात. पहिल्याने सॉफ्टवेअर लावलं त्या दिवशी लिहिलंय, दुसऱ्याने डिस्क गेली त्या दिवशी. पैसे भरण्याआधी वाचायचा तो दुसऱ्याचा अनुभव. आणि ज्या आठवड्यात बॅकअप लावाल त्याच आठवड्यात त्यातून काही फाइली परत काढून बघायच्या, एवढं पक्कं करून पुढे वाचा. खालच्या सगळ्या पायऱ्या तिथेच नेणाऱ्या आहेत.

आधी थोडं समजून घेऊ

आपल्याकडे एक समजूत फार घट्ट बसली आहे. कॉम्प्युटर जोडून देणारा माणूस एकाच हार्ड डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून देतो आणि सांगतो, ‘तुमचा डेटा डीमध्ये ठेवा, फॉरमॅट मारला तरी राहतो.’ फॉरमॅटपुरता हा सल्ला बरोबर आहे. पण डिस्कच बंद पडली तर सी, डी, ई तिन्ही एकदम जातात, कारण ती एकच वस्तू आहे. सीमधलं फोल्डर डीमध्ये कॉपी करून ठेवणं म्हणजे बॅकअप नव्हे.

एक्स्टर्नल डिस्क घेतली तर बाजू बरीच सुधारते, आणि ती घ्यावीच. पण ती त्याच घरात असते. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तशी वेळ आली, की तळमजल्यावरचा कॉम्प्युटर आणि कपाटातली डिस्क एकाच पाण्याखाली जातात. चोरी, आग, वीज पडणं, यातही तेच. म्हणून पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ चा नियम आजही सगळीकडे सांगितला जातो: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. ऑनलाइन बॅकअप ही ती घराबाहेरची प्रत.

गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्ह आहे की, मग वेगळं कशाला? हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. या सेवा मुळात सिंकसाठी आहेत, म्हणजे इथे जे कराल ते तिथेही होतं. इथे फोल्डर उडवलं की तिथलंही उडतं. दोन्हीकडे कचरापेटीत ते साधारण ३० दिवस राहतं, नंतर जातं. दिवाळीत चुकून डिलीट झालेले फोटो पुढच्या गणपतीत कोणी मागितले की मगच गेल्याचं कळतं. तेव्हा ३० दिवस पुरत नाहीत. शिवाय वनड्राइव्हचं फुकटचं खातं ५ जीबीचं आणि गूगलचं १५ जीबीचं, त्यात मेलही मोजले जातात. घरच्या फोटोंना एवढी जागा कुठे पुरणार?

पहिली पायरी: घरात काय आहे ते मोजा

सॉफ्टवेअर शोधण्याआधी वही घ्या. प्रत्येक ड्राइव्हवरच्या महत्त्वाच्या फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि आकार लिहून ठेवा. फोटो, लग्नाचे आणि मुंजीचे व्हिडिओ, मुलांचे प्रोजेक्ट, आयकराची कागदपत्रं, आजोबांच्या आवाजातल्या रेकॉर्डिंग. घरून हिशेबाची कामं करत असाल तर टॅली उघडून डेटाचं फोल्डर नेमकं कुठे आहे ते पाहा. आउटलूक वापरत असाल तर मेल ज्यात साठतात ती त्याची पीएसटी फाइल शोधा. सिनेमे आणि डाउनलोड केलेली सॉफ्टवेअरं पुन्हा मिळतात, ती सोडून द्या. बहुतेक घरांत खरोखर जपण्यासारखं जे निघतं ते वाटलं होतं त्यापेक्षा कमी असतं, पण चार ठिकाणी विखुरलेलं असतं.

दुसरी पायरी: ग्राहकांचे अनुभव कसे वाचायचे

पाच तारे दिलेले, ‘लावायला सोपं आहे’ एवढंच सांगणारे अनुभव बाजूला ठेवा. सॉफ्टवेअर लावणं सगळ्याच सेवांनी सोपं केलंय. ‘सर्वोत्तम दहा’ असल्या याद्यांमधल्या लिंकवरून तुम्ही खरेदी केलीत की लिहिणाऱ्याला बहुधा कमिशन मिळतं, तेव्हा त्या फक्त नावं कळण्यापुरत्या वाचा. रिस्टोअर (फाइली परत मिळवणं), एक्स्टर्नल ड्राइव्ह, रिन्यूअल, डिलीटेड हे शब्द ज्या अनुभवात आहेत तो मात्र पूर्ण वाचा.

तक्रारी वाचतानाही त्यांची प्रतवारी करावी लागते. ‘अपलोड फार हळू’ या तक्रारीचं मूळ पुष्कळदा ग्राहकाच्या स्वतःच्या इंटरनेटमध्ये असतं. ‘माझी एक्स्टर्नल डिस्क बॅकअपमधून गायब झाली’ ही तक्रार मात्र नियम न वाचल्यामुळे होते आणि ती तुमच्यावरही येऊ शकते. बॅकब्लेझ या ऑनलाइन बॅकअप सेवेचं उदाहरण घ्या. तिथे ३० दिवसांची व्हर्जन हिस्ट्री (फाइलींच्या जुन्या आणि उडवलेल्या प्रती जितके दिवस ठेवतात ती मुदत) असेल तर एक्स्टर्नल डिस्क महिन्यातून एकदा तरी जोडावी लागते, नाहीतर डिस्क तुम्ही काढून टाकली असं समजून तिच्या प्रती पुसल्या जातात. वर्षभराची हिस्ट्री निवडली की ही मुदतही लांबते. कार्बोनाइट या दुसऱ्या सेवेच्या बेसिक प्लॅनबद्दल ठरलेली तक्रार म्हणजे व्हिडिओ आपोआप जात नाहीत, आणि ४ जीबीपेक्षा मोठ्या फाइली हाताने निवडाव्या लागतात. लग्नाचा व्हिडिओ नेमका त्यात अडकतो. हे सगळं त्या त्या कंपनीच्या मदतपानांवर लिहिलेलं असतं. ग्राहकाला ते डिस्क गेल्यावर सापडतं.

सेवाच बंद होण्याचे अनुभवही वाचून ठेवा. मोझी ही या क्षेत्रातली जुनी सेवा, २००५ सालची. तिने २०११ मध्ये अमर्याद जागा देणं थांबवलं आणि शेकडो जीबी चढवून बसलेल्या लोकांचं बिल एकदम वाढलं. पुढे २०१८ मध्ये कार्बोनाइटने तिला विकत घेतलं. क्रॅशप्लॅन तर घरगुती ग्राहकांचा फार लाडका होता. ऑगस्ट २०१७ मध्ये कंपनीने घरगुती सेवा बंद करत असल्याचं सांगितलं आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये ती संपली. मुदत भरपूर दिली होती, तरी महिनोन्महिने चढवलेला डेटा दुसरीकडे पहिल्यापासून चढवावा लागला. यावरून मी तरी एकच ठरवलंय: ऑनलाइन प्रत ही कधीच एकमेव प्रत नसावी. एक्स्टर्नल डिस्क जोडीला हवीच.

किमतीही वर जातात. बॅकब्लेझ २००८ मध्ये एका कॉम्प्युटरला महिना ५ डॉलर घेत असे. ऑक्टोबर २०२३ मध्ये दर महिना ९ डॉलर, वर्षाला ९९ डॉलर झाला. काही सेवा पहिल्या वर्षी घसघशीत सवलत देतात आणि दुसऱ्या वर्षी पूर्ण रक्कम कापतात. खर्च ठरवताना दुसऱ्या वर्षाचा आकडा धरा.

कॉम्प्युटर एकच असेल आणि डेटा भरपूर असेल तर बॅकब्लेझसारखी ‘एक कॉम्प्युटर, जागा अमर्याद’ सेवा परवडते. घरात दोन लॅपटॉप, एक जुना डेस्कटॉप आणि चार फोन असतील तर आयड्राइव्हसारखी, ठरावीक जागा घेऊन तीत कितीही मशिन जोडू देणारी सेवा बरी.

तिसरी पायरी: पैसे भरण्याआधी कार्ड तपासा

भारतात राहणाऱ्यांसाठी ही पायरी वाटते त्याहून महत्त्वाची आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑक्टोबर २०२० पासून नवीन कार्डावर परदेशी ऑनलाइन व्यवहार सुरुवातीला बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते चालू करावे लागतात. त्यानंतर १ ऑक्टोबर २०२१ पासून दरमहा किंवा दरवर्षी आपोआप पैसे कापायचे असतील तर ई-मँडेट, म्हणजे बँकेकडे आधी नोंदवलेली परवानगी, लागतं. अनेक परदेशी कंपन्यांची ती सोय नसते, त्यामुळे पहिला हप्ता ओटीपी टाकून जातो आणि पुढचा नाकारला जातो. बॅकअपच्या बाबतीत याचा अर्थ असा, की पैसे थांबले की थोड्या दिवसांच्या सवलतीनंतर तुमच्या प्रती पुसल्या जाऊ शकतात.

म्हणून मासिकाऐवजी वार्षिक प्लॅन घ्या, आणि नूतनीकरणाच्या तारखेच्या पंधरा दिवस आधीची आठवण फोनमध्ये लावा. खात्याला जो मेल देणार तो रोज उघडणारा असू द्या. मुलं अमेरिकेत किंवा दुबईत, कॉम्प्युटर पुण्यात आई-बाबांकडे, खातं मुलाच्या नावावर, अशी पुष्कळ घरं आहेत. तिथे ‘दहा दिवस बॅकअप झालेला नाही’ हा इशारा न्यू जर्सीतल्या मेलबॉक्समध्ये पडून राहतो. इशारे मेल फॉरवर्ड करून आई-बाबांनाही मिळतील असं बघा, आणि तो मेल आला की काय करायचं ते त्यांना एकदा फोनवर समजावून सांगा.

चौथी पायरी: काय जाणार ते स्वतः निवडा

सर्वांत जास्त वेळ इथे द्या, कारण सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं.

सेवांच्या दोन तऱ्हा आहेत. आयड्राइव्हसारख्या सेवा तुम्ही खूण केलेली फोल्डरच घेतात. बॅकब्लेझसारख्या सेवा उलट चालतात, ठरावीक गोष्टी सोडून बाकी सगळं घेतात. पहिल्या तऱ्हेत डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा नेहमीच्या फोल्डरांवर आधीच खूण असते आणि ती सगळी सी ड्राइव्हवर असतात. आपला डेटा कुठे? डीमध्ये. कारण कॉम्प्युटरवाल्याने तसंच सांगितलं होतं. हिरवी बरोबरची खूण रोज दिसत राहते, ती खोटीही नसते. जेवढं निवडलं तेवढं सगळं सुरक्षित आहे एवढंच ती सांगते. सेटिंगमध्ये जाऊन डी आणि ई ड्राइव्ह, वहीतलं एकेक फोल्डर, ताडून बघा. दुसऱ्या तऱ्हेच्या सेवेत वगळलेल्या गोष्टींची यादी उघडा. विंडोजचं फोल्डर, प्रोग्रॅम फाइल्स, काही ठरावीक प्रकारच्या फाइली तिथे दिसतील.

विंडोजचं फोल्डर वगळलं तर आपलं काय बिघडतं? मराठी माणसाचं बिघडू शकतं. सांगलीच्या आमच्या एका नातेवाइकांनी कुळवृत्तांताचं काम बऱ्याच वर्षांपूर्वी डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून घेतलं होतं. युनिकोडच्या आधीच्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. कॉम्प्युटर बदलल्यावर त्यांनी बॅकअपमधून सगळ्या फाइली परत आणल्या, एकही कमी नव्हती. उघडल्या तर पानंच्या पानं रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. फॉन्ट विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये होता, आणि ते बॅकअपमध्ये नव्हतं. शेवटी त्याच डीटीपीवाल्याकडे तो फॉन्ट मिळाला म्हणून निभावलं. तुमच्याकडे असा जुना मजकूर असेल तर आजच त्या फॉन्टच्या फाइली मजकुराच्याच फोल्डरमध्ये कॉपी करा आणि प्रत्येक दस्तऐवजाची एक पीडीएफ काढून शेजारी ठेवा. पीडीएफमध्ये फॉन्ट आत बसवता येतो, मग ती कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येते.

याच ठिकाणी व्हर्जन हिस्ट्री किती दिवसांची आहे ते बघा आणि मिळेल तेवढी जास्त घ्या. बॅकब्लेझमध्ये एक वर्षाची हिस्ट्री २०२३ पासून वेगळे पैसे न घेता मिळते, पण ती निवडली गेली आहे का ते सेटिंगमध्ये पाहून घ्या. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरबरोबर आलेला रॅन्समवेअर फाइली कुलूपबंद करतो आणि त्या बिघडलेल्या फाइलीच नव्या प्रती म्हणून वर चढतात. तेव्हा आधीच्या तारखेची प्रत शिल्लक असेल तरच वाचता.

खासगी एन्क्रिप्शन की (फाइलींच्या कुलपाची फक्त तुमच्याकडे राहणारी किल्ली) घ्यायची का, असा प्रश्न सॉफ्टवेअर विचारतं. घेतलीत तर कंपनीलाही तुमच्या फाइली उघडता येत नाहीत. पण की हरवली तर तुम्हालाही नाही, आणि कस्टमर केअर काहीही करू शकत नाही. नवख्यांनी ती घ्यायची तर कागदावर लिहून बँकेच्या कागदपत्रांबरोबर ठेवायची तयारी हवी. नसेल तर साधी एन्क्रिप्शन पुरेशी आहे, खात्याला ओटीपीची दुहेरी सुरक्षा मात्र लावा.

पाचवी पायरी: पहिलं अपलोड

इथे हिशेब आधीच करून ठेवला की निराशा होत नाही. इंटरनेटचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, फाइली मेगाबाइटमध्ये मोजतात, म्हणून आठने भागा. आणि डाउनलोडचा नव्हे, अपलोडचा वेग धरा. बऱ्याच जोडण्यांमध्ये तो कमी असतो. १० मेगाबिट अपलोडला तासाला साधारण साडेचार जीबी जातात, पूर्ण दिवसात १०८ जीबी. तुमच्याकडे ४०० जीबी असतील तर अखंड चालू ठेवून चार दिवस. रोज पाच तासच कॉम्प्युटर चालत असेल तर अठरा दिवस. प्रत्यक्षात यापेक्षा जास्तच लागतात, कारण सर्व्हर बहुधा अमेरिकेत किंवा युरोपात असतात.

पॉवर सेटिंगमध्ये चार्जर जोडलेला असताना स्लीप ‘नेव्हर’ करा, नाहीतर रात्री कॉम्प्युटर झोपतो आणि अपलोड थांबतं. मध्ये वीज गेली तरी घाबरू नका, काम जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं. फायबरच्या ‘अनलिमिटेड’ प्लॅनलाही महिन्याची मर्यादा असते, पुष्कळ ठिकाणी ती ३३०० जीबी आहे. घरगुती बॅकअपला ती पुरते. मोबाइल हॉटस्पॉटवर मात्र पहिलं अपलोड करू नका. क्रम ठरवता येत असेल तर कागदपत्रं आणि फोटो आधी, व्हिडिओ शेवटी.

सहावी पायरी: परत मिळवून बघा

फुकट चाचणीची मुदत (बॅकब्लेझची १५ दिवस) संपायच्या आत हे करा.

मराठी नावं असलेलं, आत आणखी फोल्डर असलेलं एक फोल्डर निवडा. समजा ‘गणपती २०१९’, त्यात ‘विसर्जन’, त्यात फोटो आणि दोन व्हिडिओ. सेवेच्या वेबसाइटवर लॉगिन करून तेवढंच रिस्टोअरला टाका. काही सेवा झिप बनवून देतात, ती तयार झाली की मेल येतो. झिप उतरवा आणि डी ड्राइव्हवर थेट, ‘अ’ असं छोटं नाव दिलेल्या फोल्डरमध्ये उघडा. छोटं नाव यासाठी, की विंडोजमध्ये फोल्डरच्या सगळ्या वाटेसह फाइलचं नाव साधारण २६० चिन्हांत बसावं लागतं, आणि देवनागरीत ‘श्री’ एकटी चार चिन्हं घेते: श, हलन्त, र आणि वेलांटी. फोल्डरात फोल्डर, त्यात लांबलचक मराठी नाव असलं की झिप उघडताना काही फाइली बाहेरच येत नाहीत आणि लोकांना वाटतं बॅकअप खराब आहे.

आता मूळ फोल्डर आणि परत आलेलं फोल्डर शेजारी ठेवा. प्रॉपर्टीजमध्ये फाइलींची संख्या जुळते का? नावं नीट वाचता येतात का? फोटोंवर आजची तारीख तर पडली नाही ना? दोन-चार फोटो उघडा, व्हिडिओ मध्यावर नेऊन चालवा. एवढं जुळलं तरच पैसे भरा.

मग आणखी एक चाचणी, दुसऱ्या कॉम्प्युटरवरून. कॉम्प्युटर चोरीला गेला आहे असं समजा: पासवर्ड कुठे लिहिलाय, ओटीपी कुणाच्या फोनवर येतो, हे घरातल्या दुसऱ्या माणसाला जमतं का? पासवर्ड त्याच कॉम्प्युटरवरच्या फाइलमध्ये असणारी घरं थोडी नाहीत.

संपूर्ण डेटा परत मागायची वेळ आली तर काय, हेही आत्ताच विचारून ठेवा. बॅकब्लेझ डिस्कवर भरून कुरिअरने पाठवते आणि ३० दिवसांत डिस्क परत केली की तिचे पैसे परत करते. न्यू जर्सीच्या घराला हे सोयीचं आहे. भारतात मात्र सीमाशुल्क आणि येण्या-जाण्याचा वेळ धरला तर डाउनलोड करणंच बरं पडतं, आणि तेही लागलीच हवं असलेलं आधी, बाकीचं सवडीने.

नंतरची देखभाल

महिन्यातून एकदा सॉफ्टवेअर उघडून शेवटचा बॅकअप कोणत्या तारखेचा आहे ते वाचा. एक्स्टर्नल डिस्क त्याच दिवशी जोडा. नवीन फोल्डर बनवलं असेल तर ते यादीत आहे का ते पाहा. वर्षातून एकदा सहाव्या पायरीची चाचणी पुन्हा करा. ३१ मार्चला जागतिक बॅकअप दिन असतो आणि आपल्याकडे आर्थिक वर्षही त्याच दिवशी संपतं, तारीख लक्षात राहते.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यामुळे पुष्कळ घरांत नवीन कॉम्प्युटर येतो आहे. जुना विकण्याआधी किंवा फॉरमॅट मारण्याआधी सेवेत ‘जुना बॅकअप नव्या मशिनला जोडा’ अशी सोय आहे का ते बघा. बॅकब्लेझमध्ये ती ‘इनहेरिट बॅकअप स्टेट’ नावाने आहे, आणि तिच्यामुळे सगळं पुन्हा चढवावं लागत नाही. सेवाच बदलायची असेल तर महिनाभर दोन्हीचे पैसे गेले तरी चालतील, पण नव्या सेवेत पहिलं अपलोड पूर्ण होऊन रिस्टोअरची चाचणी जुळेपर्यंत जुनं खातं चालू ठेवा. खातं बंद केलं की तिथल्या प्रती पुसल्या जातात आणि नंतर मागून मिळत नाहीत.